एक्स-रेच्या खोलीतला सेबास्तियान

"मला अशी एकटीला टाकून जाऊ नकोस, सेबास्तियान," मिलेना भिंतीकडे बघत म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

"मी कुठे जातोय," शिशाच्या पडद्यामागून आवाज आला. "माझा अरेपा अजून अर्धा शिल्लक आहे."

मिलेना अशी दचकली, की यंत्राच्या हनुवटी टेकायच्या जागेवर उभा केलेला तिचा फोन घसरून खाली पडला. या खोलीत कुणी असायलाच नको होतं. जुना एक्स-रेवाला निवृत्त झाल्यापासून जेवणाच्या सुट्टीत ही खोली तिचीच होती. जाड भिंती, जड दार... शेजारच्या खोलीतल्या ड्रिलची घरघरसुद्धा आत येत नसे. नवा माणूस सोमवारपासून येणार हे तिच्या कानावर आलं होतं. आज सोमवार आहे, एवढंच ती विसरली होती.

पडद्यामागून एक उंच, किडकिडीत माणूस बाहेर आला. पांढऱ्या कोटावर मक्याचा चुरा, हातात कागदात गुंडाळलेला अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी. आधी त्याने तिचा फोन उचलला, कोटाला पुसला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. मग अगदी हळू विचारलं, की हा सेबास्तियान त्रास देत असेल तर आपण जाऊन त्याच्याशी बोलायचं का? चार माणसांसारखं, शांतपणे.

मिलेनाला हसावं की रडावं कळेना. रडणं तर आधीच चालू होतं...

"तो खरा नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "ऑडिशन आहे. मालिकेची. कृपा करा, मॅडमना सांगू नका."

तिने घाईघाईत सगळं सांगून टाकलं. कास्टिंगवाल्या लुस दारीचा निरोप सकाळी येतो आणि दुपार संपायच्या आत व्हिडिओ हवा असतो. निरोप कधी येईल ते सांता मारिया मातेलाच ठाऊक. दोन पानं संवाद, केस असे, कपडे तसे, आणि हे सगळं पाठ करायचं ते रिसेप्शनवर फोन घेता घेता. 'दाढ दुखतेय का, मंगळवारी या' म्हणायचं आणि मनात 'माझ्या बापाचा खून तूच केलास' घोळवायचं. एकदा दोन्हींची सरमिसळ झाली होती. तो पेशंट पुन्हा आला नाही.

नवा माणूस हसला नाही. त्याने नीट विचार केला. "मग सेबास्तियानचे संवाद कोण म्हणतं?"

"कुणीच नाही. मी मनातल्या मनात ऐकते."

"असं कसं चालेल, सरकार," तो म्हणाला. "समोर माणूस नको?"

तो बोयाकाच्या डोंगरातला. तिकडे सगळेच एकमेकांना सरकार म्हणतात. नाव विल्मार. त्याने अरेपा खिशात ठेवला, हात धुतले – कोपरापर्यंत, हे मिलेनाच्या लक्षात आलं – आणि तिच्या हातातली पानं घेतली. मग एक बटण दाबून यंत्र हळूहळू वर नेलं, फोन बरोबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. भिंतीवरची एक्स-रे बघायची जुनी पेटी लावली. त्या पांढऱ्या, मऊ उजेडात मिलेनाचा चेहरा असा उजळला, की फोनच्या पडद्यात तिला स्वतःचीच ओळख पटेना.

"हं. सुरू करा," तो म्हणाला, आणि वाचायला लागला.

देवा... काय ते वाचणं. पेशंटला 'दात टेकवा, हलू नका, श्वास रोखा' सांगावं त्याच एका सुरात त्याने म्हटलं, "मला जायलाच हवं, आंखेला, माझं तुझ्यावर जिवापाड प्रेम आहे पण घोडे वाट बघतायत." मिलेनाला हसू आवरेना. तीनदा थांबावं लागलं. चौथ्या वेळी मात्र काहीतरी वेगळं झालं. त्या सपाट, शांत आवाजापुढे तिला तिचं रडू दाखवायची गरजच उरली नाही. ते आपोआप आलं, आतून, आणि तो कागदावरून नजर उचलून बघत राहिला. त्याची पुढची ओळ राहूनच गेली.

ती भूमिका तिला मिळाली नाही. पण लुस दारीने पहिल्यांदाच कळवलं, की व्हिडिओ आवडला, पुढेही पाठवत जा. मिलेनाने तो निरोप विल्मारला दाखवला. त्याने तो दोनदा वाचला आणि जणू आपलाच मुलगा पास झाला असावा तसा कोट नीट केला.

त्यानंतर निरोप आला, की मिलेना फक्त एक्स-रेच्या दाराकडे बघायची. तो समजायचा.

"आज मी कोण?" तो विचारायचा.

"आज तुम्ही माझे सासरे."

"काल नवरा होतो. बढती म्हणायची की शिक्षा?"

"सासऱ्यांना मी तिसऱ्या प्रसंगात विष देते."

"म्हणजे जेवणाआधीच उरकून घेऊ या, सरकार."

कधी तो खुनी व्हायचा, कधी बिशप, एकदा तर तिचा हरवलेला जुळा भाऊ. आवाज मात्र तोच. प्रेमाची ओळ आली तरी तोच... 'मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही, श्वास रोखा' असं तो एकदा खरंच म्हणून गेला, आणि मग दोघंही यंत्राला धरून हसत बसले. बाहेर हिल्मामावशींनी दारावर टकटक केली, की आत कुणाची दाढ काढताय का गुदगुल्या करताय. हिल्मामावशी म्हणजे दवाखान्याची झाडलोट आणि सगळ्यांची काळी कॉफी बघणाऱ्या बाई. त्यांच्या कानातून काही सुटत नसे.

हसून झालं, की मिलेनाच्या मनात पुन्हा तीच धाकधूक सुरू व्हायची. नोकरीच्या मुलाखतीत दवाखान्याच्या मालकीण अंपारो मॅडमनी एकच प्रश्न विचारला होता. आधीची मुलगी कुठल्याशा मालिकेसाठी ऐन सोमवारी सकाळी नोकरी टाकून पळाली होती, म्हणून त्यांनी विचारलं, "नाटक-बिटक सुटलं ना?" आणि मिलेनाने त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं होतं, सुटलं. तिची लेक पालोमा तेव्हा जेमतेम बोलायला लागली होती. पाळणाघर या दवाखान्याच्याच रस्त्यावर, चढाच्या टोकाला. खिडकीतून मान काढली तर त्याचं पिवळं फाटक दिसायचं. अशी नोकरी हातची जाऊ देणं मिलेनाला परवडणारं नव्हतं. पालोमाला ताप आला तर धावत तीन मिनिटांत पोचता येतं, याच्याएवढी मोठी गोष्ट तिच्या आयुष्यात दुसरी नव्हती.

आणि तरी सकाळी फोन थरथरला, की छातीत काहीतरी उडायचं. ते सुटत नव्हतं. ते सुटलं तर आपण पालोमाला कुठली आई देऊ, असंही तिला वाटायचं.

पालोमाचा बाप चिलीला कामासाठी गेला तो तिकडेच राहिला. तेव्हापासून मिलेना माणसांकडे दुधाच्या पिशवीवरची तारीख बघावी तशी बघायची – हे कधीपर्यंत टिकणार? विल्मारकडेही ती तशीच बघत होती. तो दार लावण्याआधी 'लावू का' विचारतो, हे तिने बघितलं होतं. लहान पोरं एक्स-रेला घाबरली, की आधी स्वतः शिशाचा एप्रन घालून यंत्रात डोकं घालून दाखवतो, हेही. त्याने पालोमाच्या बापाबद्दल कधी विचारलं नाही. एकदाच विचारलं होतं, की तिला खायला काय आवडतं, आणि कडा काढलेला ब्रेड हे उत्तर ऐकून गंभीरपणे मान डोलावली होती. सगळं चांगलं होतं. तारीख तेवढी सापडत नव्हती... आणि तारीख सापडत नाही तेव्हा मिलेनाला जास्तच भीती वाटायची.

ती तारीख सप्टेंबरने आणून दिली.

सप्टेंबर लागला, की बोगोताच्या प्रत्येक ऑफिसात गुपित मित्राचा खेळ सुरू होतो. प्रेम-मैत्रीच्या दिवसापर्यंत. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालायच्या, ज्याला जे नाव येईल त्याच्यासाठी गुपचूप गोड काहीतरी ठेवत राहायचं, आणि शेवटच्या दिवशी उभं राहून सांगायचं, की तुझा गुपित मित्र मी. दातांचा दवाखाना असल्यामुळे इथे नियम एकच – गोळी बिनसाखरेची. अंपारो मॅडम त्या बाबतीत कुणाचं ऐकत नसत.

पिशवी फिरली. विल्मारने चिठ्ठी काढली, उघडली... आणि सरळ मिलेनाकडे बघितलं. मग कानापर्यंत लाल होऊन ती चिठ्ठी झटकन खिशात कोंबली.

मिलेनाने ते बघितलं. ती सगळंच बघायची.

दुसऱ्याच दिवशी तिच्या खणात पुदिन्याची गोळी. त्यानंतर काय काय होत गेलं! सकाळचा निरोप आला, की संवाद मोठ्या अक्षरांत छापून तिच्या फायलीखाली असायचे. खेड्यातल्या मुलीची भूमिका आली तेव्हा त्याने आईची रुआना, ती जाड लोकरीची शाल, घरून आणली. तिला धूप आणि सफरचंदांचा वास होता, आणि ती अंगावर घेतल्यावर मिलेनाला पाठांतर करावंच लागलं नाही. व्हिडिओ पाठवून, सुट्टी संपून गेल्यावर ती डेस्कवर पोचायची, तर डेस्कचा फोन आधीच विल्मारच्या हातात. मॅडम समोरून जायच्या, घड्याळाकडे बघायच्या, आणि काही न बोलता आत. मिलेनाला वाटायचं, आज वाचलो. पुन्हा एकदा वाचलो.

एवढं सगळं एका खेळापायी करणारा माणूस तिने पाहिला नव्हता. पण खेळच तो... मनातल्या मनात तिने विल्मारवर तारीख छापून टाकली. प्रेम-मैत्रीचा शुक्रवार. तोपर्यंत हे सगळं बिनधास्त घ्यायला हरकत नाही. मग ती मोकळी झाली. त्याच्या सपाट विनोदांवर मान मागे टाकून हसायला लागली, पाऊस लागला की त्याच्या छत्रीत शिरून बसथांब्यापर्यंत जायला लागली. छत्री लहान होती. त्याचा डावा खांदा रोज भिजायचा, आणि तो खांद्याबद्दल अवाक्षर काढायचा नाही.

"कोण गं तुझा गुपित मित्र?" हिल्मामावशी कॉफी ठेवताना विचारायच्या.

"मला काय माहीत, मावशी."

"लाजतेस मात्र माहीत असल्यासारखी."

तो शुक्रवार आला. संध्याकाळी केक, मग सगळी गुपितं फुटणार. मिलेना सकाळपासून उगाच उदास होती. आज संपणार, असं काहीसं. आणि दुपारी फोन थरथरला.

या वेळी व्हिडिओ नको होता. लुस दारीने बोलून पाठवलं होतं, की दिग्दर्शिकेला तू आवडलीस, शेवटच्या तिघींत आहेस, आज तीनला उत्तरेच्या स्टुडिओत ये. केस बांधून.

मिलेनाने तो निरोप एक्स-रेच्या खोलीत उभं राहून ऐकला. विल्मारनेही ऐकला.

"निघा," तो म्हणाला.

ती म्हणाली, शक्य नाही. दुपारचे सगळे पेशंट लावलेले, शुक्रवार, मॅडम आहेत. व्हिडिओपुरतं ठीक होतं. ती इमारत सोडून कधी गेली नव्हती. तो तिचा स्वतःचा नियम होता, त्याच्याच आधाराने तर ती इतके दिवस झोपू शकत होती. आता जायचं तर विचारावं लागणार. विचारायचं तर सांगावं लागणार, की मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले. मग नोकरी जाणार. आणि पिवळं फाटक...

बोलता बोलता तिचा आवाज फुटला.

"मग तेच सांगा," तो म्हणाला. "मॅडमना. खोटं बोलले म्हणून."

"तुम्हाला सोपं वाटतंय."

"सोपं नाही, सरकार. पण त्या काही चावत नाहीत. चावणाऱ्यांचे दात तपासतात फक्त."

ती रागावली. त्याच्यावर, सेबास्तियानवर, लुस दारीवर. दार आपटून बाहेर आली. डेस्कपाशी पोचली, फोन उचलला, ठेवला. खिडकीतून चढाच्या टोकाला ते फाटक दिसत होतं. त्यामागे पालोमा या वेळी झोपलेली असेल, पालथी, एक मोजा निघालेला. तिला मोठेपणी आपण काय सांगणार आहोत? तुझ्यासाठी सोडलं, असं? ते ओझं पोरीने का वाहायचं?

ती वळली आणि सरळ मॅडमच्या खोलीत शिरली.

अंपारो मॅडम एका जाड्या गृहस्थाच्या तोंडात वाकल्या होत्या. मिलेनाने एका दमात सगळं सांगितलं. सुटलं म्हणाले होते, सुटलं नव्हतं, कधीच सुटलं नाही, मी खोटं बोलले, आज तीनला मला बोलावलंय, आणि तुम्ही नोकरीवरून काढलंत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही. गृहस्थ तोंड वासून ऐकत होते. दुसरा इलाजही नव्हता.

मॅडमनी हत्यार खाली ठेवलं. मास्कवरून तिच्याकडे बघितलं.

"तीनला म्हणतेस," त्या म्हणाल्या. "मग इथे उभी काय राहिलीस? डेस्कवर विल्मार बसेल. पाचला केक आहे, उशीर करू नकोस."

मिलेना हललीच नाही. तेव्हा त्या गृहस्थांनी आडवं पडल्या पडल्या हाताने दार दाखवलं आणि घशातून काहीतरी काढलं. 'जा, पोरी' असावं.

बस, रिपरिप, काचेवर धुरकट डोंगर... स्टुडिओत पोचली तेव्हा केसांतून पाणी गळत होतं. समोर संवाद म्हणायला खरा नट होता. देखणा, भरदार आवाजाचा. त्याने पहिली ओळ इतक्या कळवळून म्हटली, की मिलेनाचं सगळं पाठांतर वाहून गेलं. ती नुसती बघत राहिली. त्याने पुन्हा म्हटली, आणखी कळवळून. आणखीच कोरं.

दिग्दर्शिकेने घड्याळाकडे बघितलं. मग मिलेनाने विचारलं, अगदी अदबीने, की यांनी जरा काहीच न करता वाचलं तर चालेल का? म्हणजे... हलू नका, श्वास रोखा, असं सांगतात तसं.

नटाला ते आवडलं नाही. पण रागाने का होईना, त्याने सपाट वाचलं. आणि मिलेनाच्या आत ती जाड भिंतींची खोली उघडली. मऊ उजेड, खिशातला अरेपा, वर चढत जाणारं यंत्र. ती बोलायला लागली. संपलं तेव्हा कुणीतरी खुर्ची सरकवली तेवढाच आवाज झाला. कळवतो, असं ते म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात.

परत आली तर दवाखाना हसत होता. विल्मारने दुपारभर प्रत्येक फोनला 'श्वास रोखा... नाही, लाइनवर थांबा' म्हटलं होतं, आणि एका बाईंना रविवारची वेळ दिली होती. तिला बघताच तो खुर्चीतून उठला. काही विचारलं नाही. रुमाल तेवढा पुढे केला, केसांसाठी.

वेटिंग रूममधल्या खुर्च्या गोलात मांडल्या गेल्या. केक कापला, तोसुद्धा बिनसाखरेचा, म्हणून सगळे त्याच्याकडे जरा दुःखानेच बघत होते. एकेक जण उठून आपलं गुपित फोडत होता. मिलेनाने हातातली बशी घट्ट धरली होती. आता विल्मार उठेल. 'तुझा गुपित मित्र मी' म्हणेल, सगळे टाळ्या वाजवतील, आणि सोमवारपासून...

उठल्या त्या हिल्मामावशी.

"मिलेना, बाई, तुझं नाव मला आलं होतं," त्या पदराशी चाळा करावा तसा एप्रनशी करत म्हणाल्या. "माफ कर गं. पुदिन्याच्या दोन गोळ्या ठेवल्या आणि पुढे विसरलेच. गुडघे ठणकत होते." मग एप्रनमागून त्यांनी अरेकिपेची, म्हणजे आटवलेल्या घट्ट गोड दुधाची, आख्खी बरणी काढली आणि मॅडमची नजर चुकवून मिलेनाच्या मांडीवर ठेवली.

मिलेनाने ती धरली. पण ती बघत होती विल्मारकडे. तो बुटांकडे बघत होता.

"तुमचं कुणाचं नाव होतं?" हिल्मामावशींनी त्याला हटकलं.

तो उठला. "माझं... मॅडमचं," तो म्हणाला. "चिठ्ठी उघडली आणि घामच फुटला." मिलेनाकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तुमच्याकडे बघून हसावं असं फार वाटलं होतं. पण गुपित ना."

मॅडम चक्क लाजल्या. तरीच, त्या म्हणाल्या, दर शनिवारी टेबलावर बडीशेपेची गोळी कोण ठेवतं ते कळत नव्हतं.

"शनिवारी?" मिलेना म्हणाली. "शनिवारी तर एक्स-रे बंद असतो."

"असायचा." मॅडमनी केकचा तुकडा बाजूला ठेवला. "ऑगस्टमध्ये एका दुपारी फोन वाजतोय आणि तुझी खुर्ची रिकामी. शोधत एक्स-रेच्या दारापर्यंत गेले. आत तू कुणाला तरी विष देत होतीस. संध्याकाळी मी त्याला बोलावून विचारलं, हे काय चाललंय. तो म्हणाला, तिचा जो वेळ जाईल तो माझ्या शनिवारांत धरा. तेव्हापासून येतोय. मी एकच अट घातली होती, की त्याने तुला सांगायचं नाही. खरं काय ते तू स्वतः येऊन सांगावंस, एवढीच माझी इच्छा होती." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "आज आलीस. आता धरायला काही उरलं नाही."

ऑगस्टमध्ये. पिशवी फिरायच्या कितीतरी आधी.

टाळ्या वाजत राहिल्या, पुढचं गुपित फुटलं. मिलेना उठून एक्स-रेच्या खोलीत गेली. तो मागोमाग आला, दारात थांबला. "लावू का?"

"लावा." ती त्याच्याकडे वळली. "मला न विचारता केलंत. तुमचे सगळे शनिवार... मी हे फेडू कसं?"

"फेडायला मी मागितलंय कधी?"

"मग का केलंत? मला वाटत होतं, खेळ आहे. चिठ्ठीत माझं नाव आलंय म्हणून करताय. म्हणून तर मी घेत राहिले."

त्याने यंत्राची बटणं उगाच पुसली. मग म्हणाला, "पहिल्या दिवशी तुम्ही भिंतीशी बोलत होतात. मला वाटलं, भिंतीपेक्षा मी बरा."

"आणि मग?"

"मग सकाळी तुमच्या फोनची वाट मीच बघायला लागलो. निरोप आला नाही तो दिवस सरता सरायचा नाही." त्याने मान वर केली. त्याचा आवाज आज सपाट नव्हता, ओळीच्या मध्येच अडखळत होता. "मला तुम्ही आवडता, मिलेना. फार... हे कुणी लिहून दिलेलं नाही, म्हणून नीट म्हणता येत नाहीये."

तिला किती काय म्हणायचं होतं. की मी तुमच्यावर तारीख शोधत होते. की मला एक मुलगी आहे आणि मी रात्री दोनदा उठून तिचा श्वास ऐकते, असल्या बाईबरोबर राहणं सोपं नाही. की गेली दोन वर्षं मी कुणाकडून काही घ्यायलाच विसरले होते. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही. तिने त्याचे ते कोपरापर्यंत धुतलेले, थंडगार हात आपल्या हातांत घेतले आणि त्यांवर कपाळ टेकवलं.

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. तिच्या आईच्या तोंडचे शब्द होते ते. आज पहिल्यांदा ते तिला पूर्ण भरलेले वाटले.

"केलंय की," तो पुटपुटला.

दोघं बाहेर पडले तेव्हा पाऊस थांबला होता. चढ ओला, दिव्यांच्या उजेडात चकाकत होता. अर्ध्या वाटेत लुस दारीचा निरोप आला. मोठी भूमिका दुसऱ्या मुलीला गेली होती. पण दिग्दर्शिकेने विचारलंय, धाकट्या बहिणीचं काम करशील का? लहान आहे, पण शेवटपर्यंत आहे. आणि हो, सोमवारी सकाळीच.

मिलेनाने रस्त्यातच मॅडमना फोन लावला. सोमवारी मला सुट्टी हवी, शूटिंग आहे, आणि तो वेळ मी माझ्या शनिवारांतून देईन, असं तिने सांगितलं. तिचा आवाज एकदाही अडला नाही. पलीकडून मॅडमनी विचारलं, विष पुन्हा देणार आहेस का. मग म्हणाल्या, घे सुट्टी.

पिवळ्या फाटकापाशी पाळणाघराच्या बाई जाळीतून डोकावल्या. गेली दोन वर्षं मिलेनाने त्यांना एकच बजावलं होतं, की माझ्याशिवाय कुणी आलं तर फाटक उघडायचं नाही.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"हे विल्मार," मिलेना म्हणाली. "आमच्यातले."

फाटक उघडलं. पालोमा बाहेर आली, दप्तर पाठीला, एक मोजा खाली गेलेला. तिने त्या उंच माणसाला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं, अगदी आईसारखं. फुटपाथलगत पावसाचं मोठं डबकं साचलं होतं.

"याला उडी मारता येते?" तिने आईला विचारलं.

"विचार त्यांनाच."

विल्मारने दवाखान्याच्या आपल्या पांढऱ्या बुटांकडे एकदा बघितलं. मग पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि हात पुढे केला.

रस्त्यात पालोमाचा हात मिलेना कधी सोडत नसे. बोटांना रग लागेपर्यंत धरून ठेवायची. तिने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग तो छोटा, उबदार, चिकट हात अलगद त्याच्या हातात दिला.